भोजन समितीच्या मॅडम

परभणीच्या स्टँडवर सोनपेठची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात बारा फोल्डरांचा गठ्ठा होता आणि डोक्यात एकच प्रश्न — हा गठ्ठा इथल्या डबक्यात सोडून दिला तर विद्यापीठाचं नेमकं काय बिघडेल?

काहीच नाही, असं उत्तर आलं. म्हणून तर संताप जास्त.

रविवार होता. पोळा होऊन आठ दिवस झाले होते आणि पाऊस मनाला येईल तसा येत-जात होता. मला खिडकीची जागा मिळाली, पण खिडकी काही लागेना. शेजारी एक जण येऊन बसला. चौकड्यांचा शर्ट, मांडीवर बॅग, चष्म्यावर दोन थेंब. गाडी सुटली तशी पावसाची सर थेट माझ्या खांद्यावर आली. त्यानं एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे… आणि काही न विचारता गठ्ठ्यातला वरचा फोल्डर काढून फटीत बसवला. घट्ट.

“अहो! विद्यापीठाचा आहे तो!”

“बसला बरोबर,” तो म्हणाला. “मापाचाच निघाला.”

फोल्डरवरची सोनेरी अक्षरं आता पावसाकडे तोंड करून भिजत होती — ‘नेतृत्व विकास कार्यक्रम : विद्यापीठातील विभागप्रमुखांसाठी’.

“नाहीतरी कपाटातच जातात हे,” तो म्हणाला. “एक तरी कामाला आला.”

मला हसू आलं. आणि हसू आलं याचाही राग आला.

“तुम्हाला काय जातंय म्हणायला,” मी म्हणाले. “हे छापून आणायला माझा रविवार गेला.”

“मग तुम्ही या कार्यक्रमाला…?”

बस्स. एवढं विचारायला नको होतं त्यानं. मी सुरू झाले. मी डॉ. रुद्राणी हालगे. सोनपेठच्या गोदाकाठ विद्यापीठात संख्याशास्त्राची प्रभारी विभागप्रमुख. प्रभारी म्हणजे कामं सगळी आपली, खुर्ची उसनी. चार वर्षं दोन महिने झाले. नियमित प्रमुख व्हायचं तर या कार्यक्रमाचं प्रमाणपत्र लागतं. आणि या कार्यक्रमाला बसायचं तर आधी नियमित प्रमुख असावं लागतं!

“म्हणजे लग्न लागल्याशिवाय मुलगी दाखवणार नाही, असं झालं हे,” मी म्हणाले.

“आमच्या पूर्णेत अशी दोन लग्नं झालेली आहेत,” तो गंभीरपणे म्हणाला. “एक टिकलं.”

“हसू नका. पुढचं ऐका. प्रशिक्षणाला अकरा जण निवडलेत. त्यातले बन्सीधर सर जानेवारीत रिटायर व्हायलेत. चार महिन्यांसाठी नेतृत्वाचा विकास! आणि माझं नाव कुठंय, माहितीय? स्वागत व भोजन समितीत.”

“समितीत किती जण?”

“मी.”

“आणि अध्यक्ष?”

“कुलसचिव.”

त्यानं मांडीवरची बॅग सरळ केली. मग चष्मा पुसत म्हणाला, “एक सांगायचं राहिलं… ते प्रशिक्षण द्यायला जो येणार आहे ना… तो मीच. शिवप्रकाश शेटे.”

दुसरी कुणी असती तर लाजेनं खिडकीबाहेर बघत बसली असती. माझ्या खिडकीत तर फोल्डर होता.

“बरं झालं,” मी म्हणाले. “आतापर्यंत मी सभ्य शब्दांत सांगत होते. आता पहिल्यापासून सांगते.”

गंगाखेड गेलं, पाऊस थांबला, सोयाबीनची हिरवी रानं मागे पळत राहिली आणि मी सांगत राहिले. या सगळ्या वेळात त्यानं एकदाही ‘तसं नसतं मॅडम’ असं म्हटलं नाही. मी मोजत होते. मोजणं हा माझा पेशाच आहे. आमच्या प्रमुखांच्या बैठकीत हे वाक्य सरासरी नऊ वेळा येतं आणि त्यातल्या सात वेळा माझ्या वाट्याला. दोन तासांत शून्य, हा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

सोनपेठला उतरताना त्यानं फोल्डर काढून दिला. ओलाचिंब, फुगलेला.

“हा मला द्या उद्या,” तो म्हणाला. “बाकीचे कोरडे त्यांना.”

*

सोमवारी सकाळी सव्वानऊला इतिहासाचे परमेश्वर सर व्हरांड्यात भेटले. हातात पेढ्याचा पुडा. पेढा दिसला की काम येणार, हे मला आता कळतं.

“मॅडम, तुमचा हात लय चांगलाय लिहायला.”

“बोला.”

“प्रशिक्षणाला एक पान आणायला सांगितलंय ना… ‘प्रमुख म्हणून मी घेतलेला सर्वांत अवघड निर्णय’. जरा बसवून द्या की. गेल्या साली आमच्या परीक्षेचं झालं नव्हतं का, तसलं काही.”

गेल्या वर्षी त्यांच्या परीक्षेचं काय झालं होतं, ते मला चांगलं आठवत होतं. ऐन वेळी चाळीस प्रश्नपत्रिका कमी भरल्या. सर ‘वरून हुकूम येऊ द्या’ म्हणत केबिनमध्ये बसले होते. मुलांना दोन पाळ्यांत बसवायचं मी ठरवलं होतं.

साडेदहापर्यंत सात जण येऊन गेले. कुणी पेढा घेऊन, कुणी नुसतं हसू घेऊन. नागनाथ सरांच्या प्रयोगशाळेतली आग, वसतिगृहात मुलींनी जेवणावर टाकलेला बहिष्कार, बन्सीधर सरांच्या विभागातली दोन शिक्षकांमधलं भांडण. प्रत्येक ठिकाणी समितीची सचिव मीच होते. सचिव म्हणजे जी धावते ती.

सांगायला लाज वाटते, पण सातही पानं लिहून दिली. चार वर्षांत ‘नाही’ म्हणायची सवय लावून घ्यायला वेळच झाला नव्हता. आणि खरं सांगू? निर्णय माझेच होते. एकदा तरी कुठं तरी ते नीट लिहून ठेवावेत असं वाटलं. नाव कुणाचं का असेना…

पानं प्रशिक्षणाच्या खोलीत गेली. मी बाहेर व्हरांड्यात, दारासमोरच्या टेबलाशी बसून पुलावाच्या ताटांचा हिशेब धरला.

*

मंगळवारी दुपारी शिपाई सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि त्यांनी तो माझ्या टेबलावर आदळला.

“मॅडम, त्ये पूर्णेचे सर चौथ्यांदा चहा मागायलेत.”

“मग द्या.”

“देऊन काय करू? पितच न्हाईत. कप तसाच वापस यायलाय. खुर्ची बी फिरवून घेतलीय, दाराकडं तोंड करून. आता दारात हाय कोन? मी आन् तुमी. आन् माझं तर वय झालं.”

“सुमनबाई!”

“मी कुठं काय म्हनलं? चहा वाया जायलाय, तेवढं म्हनलं.”

एवढ्यात तोच बाहेर आला. सुमनबाईंनी ट्रे उचलला आणि पदर तोंडाला लावून अशा काही लगबगीनं गेल्या की सगळ्या व्हरांड्याला कळावं.

तो खांबाला टेकून उभा राहिला. बाहेर भुरभुर चालू होती. त्याच्या हातात कागद होते.

“मॅडम, अकरा पानं वाचली. चार पानांत चार माणसं आहेत. उरलेल्या सात पानांत… एकच.”

माझ्या हातातला पेन थांबला. “कशावरून?”

“सातही जण वाईट बातमी आधी सांगतात. मग आकडा. मग उपाय. आणि सातही पानांत शिपायाचं नाहीतर विद्यार्थ्याचं नाव आहे. ‘सुमनबाईंनी वाळूची बादली आणली.’ ‘भक्ती नावाच्या मुलीनं सगळ्यांत आधी तोंड उघडलं.’ प्राध्यापक लोक असल्या पानात शिपायाचं, पोरांचं नाव लिहीत नाहीत, मॅडम. स्वतःचंच लिहितात. फार तर कुलगुरूंचं.”

मी हिशेबाची वही मिटली.

“मी पंधरा वर्षं असली पानं वाचतोय,” तो हळूच म्हणाला. “काल रात्रीच्या जेवणाआधी वाचायला घेतली आणि जेवण राहिलं. हे जे सात पानांतलं माणूस आहे ना… ते मला… फार आवडलंय.”

पाऊस पडत होता. कानामागे गरम झालं. आणि मला गरम झालं की मी भांडते.

“जेवण राहिलं म्हणजे? ताट मोजून आणलेलं असतं माझं!”

“मॅडम—”

“एक ताट परत गेलं म्हणून आचारी मला बोलला.”

तो हसला. मग चेहरा एकदम बदलला. “शुक्रवारी समारोपाला कुलगुरू येतायत. मी सांगतो त्यांना. सगळं. पानं कुणाची ती.”

“खबरदार!”

इतक्या जोरात म्हणाले मी, की आतून कुणी तरी डोकावलं.

“सात जणांनी माझं काम आपल्या नावावर सांगितलं,” मी आवाज खाली आणून म्हणाले. “आता आठवे तुम्ही. माझा राग आपल्या नावावर सांगणार?”

त्याचा चेहरा पडला. आपण भलं करायला निघालो होतो आणि तेच चुकीचं निघालं, हे कळल्यावर माणसाचा होतो तसा. माझ्या मनात त्याच्या खात्यावर मी तेव्हा एक गोष्ट जमा केली : त्यानं ‘माझा हेतू तसा नव्हता’ असं म्हटलं नाही.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “गप्प बसतो. पण मला गप्प बसायला… लय त्रास होतो.”

“प्रशिक्षक आहात ना? सराव करा.”

*

बुधवार, गुरुवार त्यानं सराव केला. बोलला नाही, पण बाकी काय काय केलं ते मोजायला माझी बोटं कमी पडली. जेवायच्या रांगेत शेवटी उभा राहायचा आणि ताट स्वतः धुवायचा. “सर, ठिवा तसंच,” असं सुमनबाई म्हणाल्या तर म्हणाला, “भोजन समितीला आवडत नाही.” भाकरी उरली तर डब्यात बांधून मागायचा. गुरुवारी ‘ऐकून घेण्याची कला’ या विषयाचं सत्र होतं. अकरांपैकी सहा जण मोबाइल बघत होते, दोघं डुलक्या घेत होते, आणि दाराबाहेर उभी असलेली मी शब्दन् शब्द ऐकत होते. तो सगळं सत्र दाराकडे बघून बोलला. समोर बसलेल्यांना वाटलं, सरांची मान लचकलीय.

मला मात्र आतून काहीतरी टोचत राहिलं. उद्या सात जणांना सात प्रमाणपत्रं मिळणार होती. माझ्याच पानांवर. मग त्या सात जणांतलाच कुणी तरी पुढच्या महिन्यात समितीवर बसून म्हणणार होता, ‘मॅडमचं अजून प्रशिक्षण झालेलं नाही, त्यांची खुर्ची दुसऱ्याला द्यावी.’ तशी टिपणी तयार होती. मी स्वतः टाइप केली होती, दुसरं कोण करणार!

*

शुक्रवारी कुलगुरू आले. आमचे कुलगुरू कमी बोलतात आणि आणलेलं वाचतात, ही दोन्ही लक्षणं विद्यापीठात दुर्मीळ. त्यांनी पानांचा गठ्ठा पुढे ओढला. मी ताटांची यादी घेऊन दारात उभी होते.

“डॉ. परमेश्वर,” ते म्हणाले. “चाळीस प्रश्नपत्रिका कमी, म्हणून तुम्ही दोन पाळ्या केल्यात. चांगला निर्णय. पण पहिल्या पाळीची मुलं बाहेर पडून दुसऱ्यांना पेपर सांगणार नाहीत, याची व्यवस्था काय केली होती?”

परमेश्वर सरांनी तोंड उघडलं. मिटलं. आणि त्यांची मान हळूहळू दाराकडे वळली.

“डॉ. नागनाथ, आग लागली तेव्हा वीज कुणी बंद केली? मेन स्विच तर कुलपात असतो.”

नागनाथ सरांची मान दाराकडे.

बन्सीधर सरांना तर प्रश्न यायच्या आधीच दाराकडे बघायची घाई झाली होती.

“सगळे दाराकडे काय बघायलात?” कुलगुरू म्हणाले. “जेवण यायलंय का?”

सगळे हसले. दोघं सोडून. मी आणि शिवप्रकाश. तो टेबलाच्या कडेला बसला होता, ओठ घट्ट मिटून, नजर खाली, हातातलं पेन असं दाबून धरलेलं की आता मोडतं की काय. एक शब्द. त्यानं एक शब्द टाकला असता तर सगळं उघड झालं असतं. टाकला नाही. इतक्या जड अंगानं गप्प बसलेला माणूस मी पाहिला नव्हता.

“मॅडम,” बन्सीधर सर गोड आवाजात म्हणाले, “सांगा की जरा.”

जेवताना मीठ मागावं तसं. चार वर्षं दोन महिने मी हे ‘जरा’ ऐकत आले होते आणि प्रत्येक वेळी माझे ओठ आपोआप हलले होते. आत्ताही हलायला लागले होते…

“सर, मी भोजन समितीत आहे,” मी म्हणाले. “पुलावात वाटाणा कमी का आहे ते विचारा. सांगते.”

परमेश्वर सरांनी समोरचा फोल्डर उघडून त्यात डोकं घातलं.

“म्हणजे?” कुलगुरूंनी चष्मा काढला.

मी उंबरा ओलांडून आत गेले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

“पहिल्या पाळीच्या मुलांना ग्रंथालयात बसवून ठेवलं होतं, सर, दुसरी पाळी सुरू होईपर्यंत. त्यांना चहा सुमनबाईंनी दिला. हे पानात नाही, कारण जागा संपली. पान मी लिहिलंय. सात पानं मी लिहिलीत. त्यातले निर्णयही मीच घेतलेत. दुसऱ्यांना लिहून दिली, ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण जिला हे सगळं करता येतं तिला या खोलीत बसता येत नाही, ही चूक माझी नाही.”

“बसता का येत नाही?”

“मी प्रभारी आहे. प्रशिक्षणाला नियमित लागतो. आणि नियमित व्हायला प्रशिक्षण.”

कुलगुरू कुलसचिवांकडे वळले. “असा नियम आहे?”

“तसं नसतं, सर—” कुलसचिव म्हणाले.

“असंच आहे,” मी म्हणाले आणि परिपत्रक पुढे ठेवलं. ते तोंडपाठ होतं, पण कागद बरोबर असलेला बरा.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पेन काढून ‘नियमित’ या शब्दावर एक रेघ मारली आणि खाली सही केली. इतकी छोटी रेघ! चार वर्षं दोन महिने मी तिच्यामागे अडकून पडले होते.

“नोव्हेंबरच्या तुकडीत पहिलं नाव या बाईंचं. तोवर त्यांच्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “आणि ही सात प्रमाणपत्रं थांबवा. ज्याचं पान त्यानं लिहून आणावं. स्वतः.”

“सर, मी तर जानेवारीत रिटायर—” बन्सीधर सर म्हणाले.

“मग लवकर लिहा.” जाता जाता ते माझ्याजवळ थांबले. “पानं लिहून द्यायला नको होती तुम्ही.”

“पुन्हा देणार नाही, सर.”

*

संध्याकाळी साडेपाचच्या परभणी गाडीला मी त्याला सोडायला गेले. पाहुणे पोचवणं समितीच्या कामात येतं, असं मी सुमनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “जा की मग. मी कुठं काय म्हनलं?”

स्टँडवर ओल्या मातीचा आणि तळल्या भज्यांचा वास होता. तो माझ्याकडे बघत होता आणि मी गाडीच्या पाटीकडे.

“बोला आता,” मी म्हणाले. “सराव संपला.”

“तुम्ही आत आलात ना… तेव्हा मला टाळ्या वाजवायच्या होत्या. हात मांडीखाली दाबून बसलो.” तो थांबला. “आणि एक… दुपारी आमच्या प्रशिक्षण संस्थेला फोन केला. नोव्हेंबरची तुकडी मी घेणार नाही. दुसरे प्रशिक्षक येतील.”

“काय?”

“तीन वर्षं घालून मी हा कार्यक्रम बसवलाय. पण ज्या बाईला मागणी घालायचीय तिला गुण देणारा मीच असलो तर… उद्या हेच लोक म्हणतील, मॅडमना प्रमाणपत्र असंच मिळालं. ते मला चालणार नाही.”

मला जे वाटलं ते नेहमीसारखं रागाच्या वाटेनं बाहेर पडलं.

“मला विचारलं?”

“मागणीचं?”

“आधी कार्यक्रमाचं! चार वर्षांनी मला प्रशिक्षण मिळायलंय आणि त्यातला एकुलता एक बरा शिकवणारा तुम्ही मला न विचारता काढून टाकलात! माझ्या भल्यासाठी! सगळे माझ्या भल्यासाठीच करतात, कुलसचिवसुद्धा!”

“चुकलं,” तो म्हणाला. लगेच. कारण न देता. “पुन्हा लावू नाव?”

मी विचार केला. खरं तर त्याचं बरोबर होतं. तेच जास्त टोचत होतं.

“नको,” मी म्हणाले. “राहू द्या. पण पुढच्या वेळी आधी विचारायचं.”

“आणि… मागणीचं?”

“तेही कुठं विचारलंत? नुसतं कळवलंत.”

कंडक्टरनं बेल मारली. तो पायरीवर चढला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला.

“साहेब, चढायलात का उतरायलात?” कंडक्टर वैतागून म्हणाला.

“एक मिनिट, मालक.” त्यानं दांडीला धरून खाली वाकून माझ्याकडे बघितलं. चष्म्यावर पुन्हा दोन थेंब. “रुद्राणी… माझ्याशी लग्न कराल?”

अख्खी गाडी आमच्याकडे वळली. खिडकीतून एका म्हातारीनं मान बाहेर काढली. “सांग की गं माय! गाडी खोळंबलीय!”

“करते,” मी म्हणाले. “पण डिसेंबरात. नोव्हेंबरात मला प्रशिक्षण आहे.”